वाचलेला वेळ कोणाचा?

नीतिशास्त्रावरील ग्रंथ उघडून पाहिले तर त्यांत राजधर्माची चर्चा सापडते, युद्ध न्याय्य केव्हा व अन्याय्य केव्हा याचा ऊहापोह सापडतो, सत्य बोलल्याने निरपराध्याचा प्राण जाणार असेल तर काय करावे हा जुना पेचही सापडतो. परंतु जो प्रश्न जवळजवळ प्रत्येक घरात रोज सायंकाळी विचारला जातो, त्याला या ग्रंथांत जागा नाही. ‘आज रात्री जेवायला काय?’ हा तो प्रश्न होय. तत्त्वज्ञांनी तो क्षुद्र म्हणून सोडून दिला. पण त्याचे खरे कारण, आमच्या मते, असे आहे की त्याचे उत्तर त्यांना स्वतःला बहुधा कधी द्यावेच लागले नाही. आम्हांसही पुष्कळ वर्षे द्यावे लागले नव्हते. त्याचा विचार करण्याची पाळी आली ती घरापासून फार दूर, अमेरिकेतील न्यू जर्सी राज्यात, एका बुधवारी. तो साधा प्रसंग सांगूनच या विवेचनास आरंभ करणे बरे.

गेल्या हिवाळ्यात आम्ही आमच्या भाचीकडे काही आठवडे मुक्कामास होतो. तिची आई, म्हणजे आमची थोरली बहीण आक्का, हीही त्याच वेळी तेथे होती. भाची व तिचे यजमान दोघेही नोकरी करणारे. मुलगा नऊ वर्षांचा, मुलगी सहा वर्षांची. बुधवार हा त्या घरातील सर्वांत अडचणीचा वार. जावईबापूंना त्या दिवशी कामावरून येण्यास उशीर होई, मुलाचा पोहण्याचा वर्ग असे, आणि भाची सहाच्या सुमारास घरात पाऊल टाकी. साडेसातला पाने मांडली गेली नाहीत तर मुलांची निजण्याची वेळ टळे. अशा वारासाठी तिने एक पदार्थ कायमचा ठरवून ठेवला होता. खिम्याचे लहान गोळे, नळीच्या आकाराचा पास्ता, टोमॅटो व क्रीम यांचा दाट सॉस आणि वर चीजचा थर, हे सारे काचेच्या पसरट भांड्यात घालून ओव्हनमध्ये भाजावयाचे. त्या देशात यास ‘मीटबॉल पास्ता बेक’ म्हणतात.

कृती अवघड नाही. 500 ग्रॅम कोंबडीच्या खिम्यात दुधात भिजविलेला मूठभर पावाचा चुरा, एक अंडे, किसलेला कांदा, लसूण, मीठ व मिरपूड घालून मिश्रण हलक्या हाताने एकत्र करावयाचे. फार मळले तर गोळे चिवट होतात. लिंबाएवढे गोळे वळून ते तव्यावर तांबूस करून घ्यावयाचे. पास्ता मिठाच्या उकळत्या पाण्यात टाकून, पुड्यावर दिलेल्या वेळेच्या दोन मिनिटे आधीच उतरावयाचा, कारण त्याचे उरलेले शिजणे ओव्हनमध्ये सॉस शोषून घेताना पुरे होते. बाजारातून आणलेल्या बरणीतील टोमॅटोच्या सॉसमध्ये पेलाभर क्रीम मिसळावयाचे, सर्व एकत्र करून वर मोझरेला चीज पसरावयाचे आणि भांडे 200 अंश सेल्सिअसवर सुमारे 25 मिनिटे ठेवावयाचे. गोळ्याच्या गाभ्याचे तापमान 74 अंशांवर गेले म्हणजे कोंबडीचे मांस खाण्यास निर्धोक झाले असे समजतात. बाहेर काढल्यावर दहा मिनिटे धीर धरला की सॉस आळून येतो व वाढताना पसरत नाही. खिमा दुकानातून आलेला, सॉस बरणीतला, चीज किसून पिशवीत भरलेले. पाऊणएक तासात सारे आटोपून सातच्या आत ओव्हनचे दार बंद होई.

त्या बुधवारी आक्का हे सारे खुर्चीत बसून पाहत होती. ओव्हनचे दार लागताच ती म्हणाली, “सगळे तयार आणायचे, एकत्र करायचे आणि आत ढकलायचे. याला स्वयंपाक म्हणायचे का ग?”

भाचीने ओटा पुसता पुसता एवढेच म्हटले, “आई, बुधवार आहे.”

या दोन वाक्यांत एक पुरा वाद सामावलेला आहे असे आम्हांस तेव्हाच वाटले. आक्काचे म्हणणे असे की, माणसांना जेवू घालणे ही प्रेमाची कृती आहे आणि प्रेमाचे माप श्रम हे होय. जिने श्रम वाचविले तिने प्रेमातही काटकसर केली. भाचीचे म्हणणे असे की, दिवसाला तास मोजकेच असतात आणि प्रेमालाही घड्याळाकडे पाहावेच लागते. यांपैकी खरे कोणाचे?

प्रथम आक्काची बाजू न्यायाने ऐकू. ती समजते त्याहून तिच्या बाजूला अधिक बळ आहे, कारण या पदार्थाचा पूर्वेतिहास तिच्याच बाजूने साक्ष देतो. दक्षिण इटलीत ओव्हनमध्ये भाजलेला पास्ता हा सणावाराचा, फार तर रविवारचा पदार्थ. सॉस मंद आचेवर तासन् तास शिजवावयाचा, गोळे वेगळे तळावयाचे, थरावर थर रचावयाचे, आणि मग सारे गणगोत जमल्यावर ते भांडे मेजावर आणावयाचे. त्या भांड्याचा मान त्यातील श्रमावर व त्याच्या दुर्मिळपणावर उभा होता. आपल्याकडे पुरणपोळी दर बुधवारी झाली तर होळीला काय करावे असा प्रश्न पडेल. त्याच जातीचा हा प्रश्न आहे. शिवाय खिम्याच्या गोळ्याला आपण ज्या नावाने ओळखतो त्या ‘कोफ्ता’ या फारसी शब्दाचा अर्थच मुळी ‘कुटलेला’ असा आहे. पदार्थाच्या नावातच कोणाच्या तरी हाताचे कष्ट कोरलेले आहेत. ते कष्ट गेले तर नाव तरी खरे राहिले काय, असे आक्काच्या वतीने विचारता येईल.

पण हाच इतिहास आणखी थोडा पुढे वाचला तर साक्ष उलटते. 1880 ते 1920 या काळात चाळीस लाखांहून अधिक इटालियन लोक अमेरिकेत गेले, आणि त्यांतील बहुसंख्य दक्षिणेकडील गरीब शेतकरी व मजूर होते. मायदेशी त्यांच्या ताटात मांस क्वचित येई. जे येई ते पुरवठ्यास यावे म्हणून त्यात शिळा पाव कालवीत. गोळा हा मुळात थोड्याचे पुष्कळ करण्याचा उपाय होता. पेल्लेग्रीनो आर्तूसी याने 1891 साली प्रसिद्ध केलेल्या इटालियन पाकशास्त्राच्या ग्रंथातही गोळ्यांची कृती उरलेल्या उकडलेल्या मांसाची आहे, आणि हा पदार्थ शिकविण्याची गरज नाही अशी थट्टाही त्याने तेथे केली आहे. अमेरिकेत मांस स्वस्त मिळाले, मजुरीचा पैसा हाती आला, तेव्हा गोळे मोठे झाले, त्यांत मांसाचे प्रमाण वाढले, आणि बहुतेक ठिकाणी पास्त्यापासून वेगळे वाढले जाणारे गोळे पास्त्याच्याच ताटात येऊन बसले. म्हणजे आज ज्याला परंपरा म्हणावयाचे ती स्वतःच एका सुबत्तेतून, एका सोयीतून जन्मली. ज्या आजीने न्यूयॉर्कच्या चाळीवजा घरात प्रथम असे ताट वाढले, तिच्या मायदेशीच्या आईनेही कदाचित ‘याला स्वयंपाक म्हणायचे का?’ असेच विचारले असते.

मात्र त्या गोळ्यातील पाव श्रीमंती आली तरी गेला नाही, ही गोष्ट लक्षात घेण्यासारखी आहे. दारिद्र्याने घातलेला तो पाव पुढे गुण म्हणून टिकला. कारण दुधात भिजलेला चुरा ओलावा धरून ठेवतो आणि मांस आकसून घट्ट होऊ देत नाही. यावरून श्रमाविषयी एक नियम हाती लागतो. जो श्रम पदार्थात उतरतो तो ठेवावा. जो केवळ करणाऱ्याच्या अंगात उतरतो तो सोडावा. चुरा दुधात भिजविणे हा पहिल्या जातीचा श्रम आहे. चीज हाताने किसणे हाही काही अंशी त्याच जातीचा, कारण बाजारच्या किसाला चिकटू नये म्हणून पिठूळ पूड लावलेली असते आणि तो तितका एकजीव वितळत नाही. एवढ्यापुरते आक्काचे म्हणणे आम्ही मान्य करतो. पण खिमा घरीच कुटावयास हवा होता असे म्हणणे म्हणजे बोथट विळीने चिरलेली भाजी अधिक प्रेमाची असे म्हणण्यासारखे आहे. कष्ट हेच जर प्रेमाचे माप असेल तर प्रेम वाढविण्याचा सर्वांत सोपा उपाय म्हणजे घरातील विळ्या बोथट करणे हा ठरेल. इतके म्हणण्यास आक्काही तयार होणार नाही.

येथे वाद संपला असे आम्हांस वाटले होते. भाचीचा पक्ष जिंकला, सोय निर्दोष ठरली, आणि आम्ही बैठकीच्या खोलीत वर्तमानपत्र उघडून बसलो. परंतु ओव्हनची ती 25 मिनिटे चालू असता सहज नजर स्वयंपाकघराकडे गेली आणि आमच्या निकालात काहीतरी राहून गेले आहे असे वाटू लागले.

पदार्थ एका भांड्याचा म्हणविला जातो. तो जेवणाऱ्यांच्या दृष्टीने एका भांड्याचा. करणारीच्या दृष्टीने पास्त्याचे पातेले, चाळणी, खिम्याचे वाडगे, गोळे परतलेला तवा, सॉसचे भांडे आणि शेवटी ते काचेचे भांडे, ज्याच्या कडांना करपलेले चीज असे चिकटते की भांडी धुण्याच्या यंत्रालाही ते सुटत नाही. त्या 25 मिनिटांत भाचीने तवा घासला, वाडगी विसळली, मुलीच्या दुसऱ्या दिवशीच्या डब्याची तयारी केली, मुलाच्या भागाकाराच्या चुका दाखविल्या आणि कचेरीतून आलेल्या एका निरोपाला उभ्या उभ्या उत्तर लिहिले. ती एकदाही बसली नाही. ओव्हनने तिचे श्रम वाचविले होते यात शंका नाही. पण वाचलेला वेळ तिच्या हाती क्षणभरही आला नव्हता. तो आला आणि आल्या पावली घराने तो वळता करून घेतला.

ही एका घराची गोष्ट नव्हे. गेली जवळजवळ दोनशे वर्षे गृहिणीचा वेळ वाचविण्याच्या योजना पाश्चात्य देशांत चालू आहेत. कॅथरिन बीचर हिने 1841 साली गृहव्यवस्थेवर ग्रंथ लिहून घरकामाला शास्त्राची शिस्त लावण्याचा यत्न केला. क्रिस्टीन फ्रेडरिक हिने 1912 साली एका अमेरिकन स्त्रीमासिकात लेखमाला लिहून कारखान्यातील काटेकोर मोजमाप स्वयंपाकघरात आणले: कोणते भांडे कोठे ठेवले असता किती पावले वाचतात, याचा तिने हिशेब मांडला. 1926 साली मार्गारेटे शुट्टे-लिहोट्स्की हिने फ्रँकफुर्ट शहरातील नव्या घरांसाठी जे स्वयंपाकघर आखले ते 1.9 मीटर रुंद व 3.4 मीटर लांब होते. प्रत्येक वस्तू हाताशी, एकही पाऊल वाया नाही. अशी सुमारे दहा हजार स्वयंपाकघरे त्या शहरात बांधली गेली. योजना उत्तम होती. पण जागा इतकी बेताची की त्यात एकीने काम करावे, दुसऱ्याला मदतीला येण्यास अडचण पडावी. पावले वाचली, सोबतही त्याबरोबर गेली.

या सर्व खटाटोपाचा हिशेब रूथ श्वार्ट्झ कोवान या इतिहासकार बाईंनी 1983 सालच्या आपल्या ग्रंथात मांडला आहे. त्यांचा निष्कर्ष थोडक्यात असा की, घरात यंत्रे आली, पण आईचे काम उणे झाले नाही. उघड्या चुलीच्या जागी लोखंडी शेगडी आली तेव्हा सरपण कमी लागू लागले. पण लाकूड फोडण्याचे काम पुरुषांचे होते, म्हणून विसावा त्यांना मिळाला. शेगडीवर एकाच वेळी अनेक पदार्थ करता येऊ लागले, तेव्हा एका भांड्यातील कालवणावर भागणारे घर अनेक पदार्थांची अपेक्षा करू लागले, आणि ते पदार्थ करण्याचे काम बाईकडे आले. गिरणीचे पांढरे पीठ आले, तेव्हा धान्य दळून आणण्याची पुरुषांची खेप वाचली आणि बाईच्या वाट्याला केक आले. सोय वाढली की अपेक्षा वाढते, आणि वाढलेली अपेक्षा वाचलेला वेळ गिळून टाकते.

आम्ही जेवणाच्या मेजावर हे सारे मोठ्या उत्साहाने सांगू लागलो. आक्का बराच वेळ ऐकत होती. मग ती म्हणाली, “त्याला पुस्तक कशाला हवे? आमच्याकडे मिक्सर आला आणि पाटा-वरवंटा परसात गेला. पहिल्याच आठवड्यात सासूबाई म्हणाल्या, आता वाटायला काही वेळ लागत नाही, तर एकीच्या दोन चटण्या करीत जा.” आणि थोडे थांबून ती पुढे म्हणाली, “तेव्हा मला वाटले होते, दुपारी जरा पडायला मिळेल.”

त्यानंतर काही वेळ कोणी बोलले नाही. आक्काने सायंकाळी जे विचारले होते तेच तिला एके काळी विचारले गेले होते, आणि ज्या दुपारची तिने वाट पाहिली ती तिला मिळाली नव्हती. जिच्या हक्काचा विसावा एकदा बुडाला, तिला दुसरीचा विसावा आळसासारखा दिसू लागतो. हा दोष आक्काचा म्हणावा काय? आमच्या मते तो त्या जुन्या, न फिटलेल्या ऋणाचा आहे.

आता मूळ प्रश्न नव्या रूपात पुढे येतो. श्रम वाचवावे की न वाचवावे, हा खरा प्रश्नच नव्हे. वाचलेला वेळ कोणाचा, हा खरा प्रश्न आहे. आम्ही असे प्रतिपादन करतो की, तो ज्याचे श्रम वाचले त्याचा आहे. ज्याप्रमाणे मजुराने काम लवकर उरकले म्हणून त्याच मजुरीत आणखी काम सांगणाऱ्या धन्याला आपण न्यायी म्हणत नाही, त्याचप्रमाणे बुधवारी रविवारचे ताट वाढणारीकडून गुरुवारीही रविवारच मागणाऱ्या कुटुंबाला प्रेमळ म्हणता येणार नाही.

यावर कोणी अशी शंका घेईल की, कुटुंब म्हणजे कारखाना नव्हे. तेथे धनी व मजूर असा हिशेब करणे म्हणजे प्रेमाचा बाजार मांडणे होय. शिवाय भाची हे सारे आपखुशीने करते. कोणी तिच्यावर जुलूम केलेला नाही. शंका वजनदार आहे. आम्ही स्वतः भाचीला विचारले तेव्हा तिनेही हेच सांगितले, “मामा, मला आवडते म्हणून करते.” परंतु आपखुशीने दिलेल्या वस्तूचे ऋण नाहीसे होते हा न्याय आम्हांस कळत नाही. सावकाराने सक्तीने वसूल केलेल्या पैशाची भीड वाटत नाही. मित्राने न मागता दिलेल्याचीच वाटते. देणाऱ्याने हिशेब ठेवू नये हे खरे; पण त्यावरून घेणाऱ्यानेही ठेवू नये असे निघत नाही. उलट, देणारा हिशेब ठेवीत नाही एवढ्याचसाठी घेणाऱ्याने तो अधिक काळजीने ठेविला पाहिजे. प्रेमाच्या नावाने जे हिशेब बंद केले जातात ते बहुधा घेणाऱ्याच्या सोयीचे असतात.

दुसरी शंका अशी की, तो वेळ तिने मुलाच्या भागाकाराला दिला, यात वाईट ते काय? काहीच नाही. तिचा वेळ तिने मुलाला द्यावा, पुस्तकाला द्यावा किंवा खिडकीबाहेर पडणाऱ्या बर्फाकडे पाहण्यात घालवावा. तो तिचा प्रश्न आहे. आमची कसोटी निराळी आहे. त्या 25 मिनिटांत ती नुसती बसली असती तर घरात कोणाच्या कपाळाला आठी पडली असती काय? ती का बसली आहे, बरे तर आहे ना, असे कोणी विचारले असते काय? ज्या घरात बसण्याचे कारण सांगावे लागत नाही त्याच घरात काम आपखुशीचे आहे असे म्हणता येते. शार्लट पर्किन्स गिलमन हिने 1898 सालीच, स्वयंपाक घराबाहेर काढून तो धंद्याने करणाऱ्यांकडे सोपवावा अशी सूचना केली होती. आज दारात येणाऱ्या तयार जेवणाने ती पुष्कळशी अमलात आली आहे. परंतु घर जर विसाव्याचे कारण मागणारेच राहिले, तर तयार जेवणाने वाचलेला तासही ते त्याच सहजतेने गिळील.

आणि येथे आम्हांस स्वतःविषयी एक कबुली दिली पाहिजे. आक्काने भाचीला बोल लावला. आम्ही भाचीची बाजू घेतली. पण दोघेही बसलेलो होतो. तिच्या श्रमाचे माप दोघेही काढीत होतो, आणि करपलेल्या चीजचे ते भांडे घासण्यास दोघांपैकी एकही उठला नव्हता. रात्री जावईबापूंनी ते घासले. दिवसभर दमून आलेल्या त्या गृहस्थाने नीतीविषयी एक अक्षरही उच्चारले नाही; बाही सरसावून ते भांडे तेवढे गरम पाण्यात भिजत घातले. त्या प्रश्नाचे त्या घरातील सर्वांत चांगले विवेचन तेच होते.

पुढल्या बुधवारी आम्ही गोळे वळावयास बसलो. ते लहानमोठे झाले. काही लिंबाएवढे, काही पेरूएवढे. मुलीने त्यांतील सर्वांत वेड्यावाकड्याला आमचे नाव दिले. आक्काने चीजचा ठोकळा मागवून घेतला होता, तो ती किसणीवर किसत होती आणि पिशवीतला कीस कसा निःसत्त्व असतो हे सर्वांना सांगत होती. सातच्या जरा मागाहून ओव्हनचे दार बंद झाले. भाची चहाचा पेला घेऊन खिडकीजवळ बसली. पाचएक मिनिटांनी ती सवयीने उठू लागली, तेव्हा आक्काने तिच्याकडे न पाहता म्हटले, “बस ग. भाजले जाईल ते आपले आपण.”

भाची पुन्हा बसली. पदार्थ त्या दिवशी थोडा जास्त भाजला गेला, कारण मोठ्या गोळ्यांचा गाभा शिजावा म्हणून तो आणखी दहा मिनिटे आत ठेवावा लागला. मुलांनी कडेचा करपलेला भाग भांडून घेतला.